पहिलीच्या वर्गाची हजेरी



पगाराच्या पावतीवर एका दिवसाची हजेरी कमी लागली, तर आपण टाइम ऑफिसच्या खिडकीवर जाऊन भांडतो. बोनस पाव टक्क्याने घसरला तर गेटवर सभा लागते. आणि हे बरोबरच आहे. आपल्या घामाचा हिशेब आपणच ठेवायचा असतो, मालक तो ठेवत नसतो. पण मी तुम्हांला एक सवाल विचारतो. तुमचं सहा वर्षांचं लेकरू जूनपासून रोज ज्या वर्गात जाऊन बसतं, त्या वर्गात गेल्या आठवड्यात काय झालं? कोणतं अक्षर शिकवलं? बाई किती दिवस वर्गावर होत्या? बहुतेकांना सांगता यायचं नाही. दप्तर केवढ्याला पडलं ते विचारा, लगेच सांगतील.

मी चौथी शिकलेला माणूस. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर धागे सांधतो आणि युनियनच्या वर्गणीच्या पावत्या फाडतो. असल्या माणसाने शिक्षणावर लिहावं काय, असं कुणी सुशिक्षित म्हणेल. म्हणू दे. आमच्या वस्तीतल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून माझं नाव आहे. नुसतं नाव असून भागत नाही. म्हणून श्रावणातल्या एका रात्रपाळीच्या आठवड्यात, सकाळची झोप मोडून, मी रोज पहिलीच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसलो. गाव सोलापूर. शाळेचं नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते काही एकाच शाळेचं गाऱ्हाणं नव्हे.

सोमवारी पटावरची सात-आठ पोरं आलीच नव्हती. आपल्या भाषेत सोमवारचा खाडा. कोण रविवारी गावाला गेलेलं, कुणाच्या आईला विड्यांचा माल द्यायचा होता म्हणून धाकटं भावंडं सांभाळायला ठेवलेलं. बाईंनी आरडाओरडा केला नाही. भिंतीवर एक चित्र लावलं, घराचं. हे काय, म्हणून विचारलं. एक म्हणालं घर. एक म्हणालं खोपट. एका पोराने 'इल्लु' म्हटलं, तो तेलुगू घरातला. कोपऱ्यातली एक पोरगी हळूच 'मने' म्हणाली, तिच्या घरात कानडी. मला वाटलं, आता बाई म्हणणार की चूक, घर म्हणा. बाई म्हणाल्या, बरोबर, सगळ्यांचं बरोबर, आणि आता आपण त्याला शाळेत घर म्हणायचं. एवढंच. पण त्या कोपऱ्यातल्या पोरीने त्यानंतर हात वर केला, तो आठवडाभर खाली घेतलाच नाही.

आमच्या वेळी 'पानी' म्हटलं की हातावर छडी बसायची. पाणी म्हण, पाणी! आम्ही पाणी म्हणायला शिकलो, पण त्या दिवसापासून तोंड उघडायला भ्यायलोही. अजून साहेबापुढे बोलायला उभं राहिलं की कित्येक चांगल्या कामगारांची जीभ टाळूला चिकटते. मालकाला ते सोयीचं असतं. ही भीती काय गिरणीत तयार होते? माझ्या मते नाही. तिचं कताईखातं पहिलीच्या वर्गात आहे. गिरणीत तयार माल येतो.

मंगळवारचं काम सगळ्यांत मोलाचं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ग, म, भ, न ही अक्षरं पोरांची आधीच झालेली होती. या अक्षरांचा घाट सारखा. उजवीकडे उभी काठी, डावीकडे थोडा फेरफार, म्हणून हाताला सोपी. त्यांतून शब्द होतात मन, नग, नभ, गगन, नमन. वाचतात पोरं, पण तोंडावर काही उमटत नाही. एकाने विचारलं, "बाई, नभ मंजे काय?" आभाळ म्हटल्यावर ते म्हणालं, "मग आभाळच लिवा की!" ते तरी काय चूक बोललं? पण आभाळ लिहायला 'ळ' पाहिजे आणि 'आ' पाहिजे, ते अजून आले नव्हते.

मग बाईंनी 'म'पुढे एक उभी काठी ओढली, म्हणजे काना दिला. मा. पुन्हा मा. मामा! वर्गात जो गलका झाला तो मी विसरायचा नाही. मामा म्हणजे पुस्तकातला कोण नव्हे, दिवाळीला कपडे आणणारा मामा. मग नाना. मग नाग, कारण नागपंचमी नुकतीच झालेली. मान, भाग. एका काठीच्या जोरावर पोरांचं निम्मं गणगोत पाटीवर येऊन बसलं. मी तिथे बसून विचार केला, हे झालं कशामुळे? मामा हा शब्द त्या लेकराच्या कानात आणि पोटात आधीच होता. त्याला फक्त त्याचं चिन्ह कळायचं बाकी होतं. घरात जी भाषा नाही, तिच्यात त्याला आधी शब्द शिकावा लागतो, मग त्याचा अर्थ, मग चिन्ह. एका पगारात तीन माणसांचं काम! आणि ते सहा वर्षांच्या मजुराकडून.

हा शोध काही माझा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून ठाण्याकडच्या बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. वारली पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्याच्या अंगणात न्यायची, आणि पोरांना ठाऊक असलेल्या पानांनी, दगडगोट्यांनी, गाण्यांनी सुरुवात करायची. त्याआधी कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आणि त्याच्याही आधी, 1882 साली, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी लिहून दिली होती. गोरगरिबांच्या पोराचा पहिला वर्ग ही फार जुनी लढाई आहे.

बुधवारी बाई वर्गात नव्हत्या. मतदार यादीच्या कामाला बोलावलं होतं. शेजारच्या दुसरीच्या बाई दोन्ही वर्ग घेऊन बसल्या, म्हणजे पोरं बसली आणि बाई एका वर्गाला गप्प करत दुसऱ्याला शिकवत राहिल्या. पोरांनी शंभर वेळा मामा लिहिला. दुपारी खिचडी खाल्ली आणि घरी गेली. त्या दिवसाचं एवढंच.

पण इथे थांबून विचार करा. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सांगतो की पहिली ते पाचवीला वर्षातून निदान 200 दिवस शाळा आणि 800 तास शिकवणं झालं पाहिजे. ही तुमच्या लेकराची हजेरी आहे. तिच्यातला बुधवार कापला गेला. त्याची पावती कुणी दिली? तोच कायदा असंही म्हणतो की साठ पोरांपर्यंत शिक्षक दोन. म्हणजे पट कमी असला की पाच इयत्ता आणि माणसं दोन. आपण याला काय म्हणतो? एका कामगाराने दोनऐवजी तीन माग चालवायचे, सांधेवाल्याने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या, हेच ना? 1928 साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद पडल्या त्याच्या मुळाशी हेच होतं. माग वाढवले तर आपण संप करतो. बाईंवर वर्ग वाढवले तर म्हणतो, मास्तर लोकांना काय काम असतं! निवडणूक आणि जनगणनेचं काम कायद्याने शिक्षकावर टाकता येतं, हे मला ठाऊक आहे. पण ते शाळेचा दिवस मोडूनच झालं पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलंय, ते साहेबांनी एकदा दाखवावं.

गुरुवारी गणित होतं. अकरा ते वीस. बाईंनी आदल्या दिवशीच निरोप पाठवला होता, घरून दहा-दहा वस्तू आणा. कुणी चिंचोके आणले, कुणी काड्या. आपल्याच एका जोडीदाराच्या पोराने कागदी कोन आणले, ज्यावर आपण सूत गुंडाळतो ते. त्या पोराने काय करावं? दहा कोन एकात एक घातले, त्यांची एक दांडी झाली. ती उभी करून म्हणाला, "ह्यो एक धा." अकरावा कोन शेजारी सुटा ठेवला. दशक आणि एकक! मला कित्येक वर्षं कोन मोजून जे ध्यानात आलं नव्हतं, ते त्या पोराने मला दाखवलं. बाईंनी फळ्यावर चित्र काढलं तेही मग कोनाच्या दांडीचंच काढलं.

एकोणीसपाशी मात्र गाडी अडली. तोंडाने म्हणायचं एकोणीस, म्हणजे विसाला एक कमी, आणि लिहायचं एकावर नऊ. निम्म्या पोरांनी आधी नऊ काढला. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असंही छापलं तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली होती. हसणाऱ्यांपैकी किती जण सहा-सात वर्षांच्या पोरापाशी पाटी घेऊन बसले होते, देव जाणे. माझं मत विचाराल तर एकवीसही पाहिजे आणि वीस एकही पाहिजे. आजीचा एकवीस तोंडात राहू द्या आणि समजायला वीस एक वापरा. शिडी लावली म्हणून माळा पडत नाही.

शुक्रवारी गाणी, कवायत आणि पुन्हा काना. शिजवलेल्या जेवणाचं सांगतो, कारण ते तुम्ही विचाराल. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला 100 ग्रॅम धान्य ठरलेलं आहे. मी बसलो त्या दिवशी खिचडीत डाळ होती, मीठ थोडं जास्त होतं. पोरांनी भांडी चाटून पुसली. अधिक काय लिहू?

शनिवारी अर्धी शाळा. त्या दिवशी बाईंनी जे केलं त्यासाठी मी हा सगळा खटाटोप लिहायला घेतला. प्रत्येक पोराने आपल्या घरचं एक वाक्य सांगायचं आणि बाईंनी ते फळ्यावर लिहायचं. एक पोरगी म्हणाली, "माजा बा रातपाळीला हाय." बाईंनी जसंच्या तसं लिहिलं. त्याच्याखाली दुसरी ओळ लिहिली, माझे बाबा रात्रपाळीला आहेत. म्हणाल्या, "वरची ओळ घरची, खालची ओळ पुस्तकाची. दोन्ही आपल्याच." शाळा सुटेपर्यंत दोन्ही ओळी फळ्यावर राहिल्या. पुसली नाही एकही.

बाहेर उभ्या असलेल्या एका पालकाने नाक मुरडलं. असलं गावंढळ बोलणं फळ्यावर कशाला, यासाठी काय शाळेत पाठवतो आम्ही? मी त्याला तिथेच विचारलं, गड्या, तू घरी काय बोलतोस? तेच बोलतो. मग तुझं बोलणं फळ्यावर चढलं तर तुला लाज वाटते, आणि गेटवरच्या सभेत तूच म्हणतोस की आमच्या भाषेचा मान राखा! भाषेचा मान पुतळ्यापाशी ठरत नाही. सहा वर्षांच्या पोरीने 'बा' म्हटल्यावर मास्तर काय करतो, तिथे ठरतो. आणि खालची ओळही पाहिजेच, हे नीट ध्यानात घ्या. नुसत्या वरच्या ओळीवर ठेवलं तर ती पोरगी अर्ज लिहू शकणार नाही, कोर्टाचा कागद वाचू शकणार नाही. वरच्या ओळीच्या खांद्यावर उभी राहूनच ती खालच्या ओळीला हात लावील. छडीने वरची ओळ पुसली तर खालीही काही टिकत नाही. हे मी स्वतःच्या चौथीवरून सांगतो.

आता तुमच्या मनातलं. "हे सगळं ठीक आहे हो, पण इंग्रजीशिवाय नोकरी कुठे?" ही भीती खोटी नाही. मी तिला हसणार नाही. गिरणीत नवी यंत्रं आली तर बटणांवर इंग्रजी, कागद इंग्रजी, वरचा साहेब इंग्रजी. पोराला ते आलंच पाहिजे. पण एक गोष्ट कित्येकांना ठाऊकच नसते. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय आहे. शनिवारी त्याच बाई ती इंग्रजी गाणी म्हणून घेत होत्या. सवाल इंग्रजी शिकण्याचा नाहीच. बेरीज, पाऊस, झाड, मामा हे सगळंच न कळणाऱ्या भाषेत शिकायचं की कळणाऱ्या, हा सवाल आहे. गल्लीतल्या गाळ्यात 'इंग्लिश' पाटी लावून बसलेल्या शाळेत अर्धा पगार ओतण्याआधी एक सकाळ तिथेही मागे बसून बघा. बसू देत नसतील, तर का देत नाहीत ते विचारा.

आणि हिंदीचं. 16 एप्रिल 2025 रोजी सरकारने निर्णय काढला की मराठी आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची. ओरड झाल्यावर 17 जूनला शब्द फिरवले, सक्ती गेली आणि 'सर्वसाधारणपणे' आलं. लोक तरी ऐकेनात, तेव्हा 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. लोक उठले म्हणून ते मागे गेलं, हे विसरू नका. आमचं हिंदीशी वैर नाही. उत्तरेकडचा भाऊ आमच्या शेजारच्या साच्यावर उभा असतो, त्याच्याशी आम्ही मोडकीतोडकी का होईना हिंदीच बोलतो आणि संपात तो आमच्या बरोबर असतो. पण ज्याने हा निर्णय लिहिला त्याने मंगळवार बघितला होता का? पोरांच्या हाती नुकताच काना आला होता. एका बाई, त्यांच्याकडे कधी दोन इयत्ता, मराठी आहे, इंग्रजी आहे, गणित आहे. त्यात तिसरी भाषा कुठल्या तासाला बसवणार? बुधवारी?

इथे आपल्या चळवळीतल्या काहींना कडू लागेल असं एक बोलतो. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चारही माध्यमांच्या शाळा चालत आल्या आहेत. हे गाव मागावर उभं राहिलं ते तेलुगू घरांतल्या हातांनीही. आपण म्हणतो की लेकराची सुरुवात त्याच्या घरच्या भाषेत झाली पाहिजे. मग 'इल्लु' म्हणणाऱ्या पोराचाही तोच हक्क आहे. त्याची तेलुगू शाळा पटाचं कारण सांगून बंद होऊ लागली, तर आपण मराठी माणसांनी त्या दारात उभं राहिलं पाहिजे. तो मराठी शाळेत आला, तर बाईंना 'नीळ्ळु' म्हणजे पाणी एवढं तरी ठाऊक असलं पाहिजे. आमच्या बाईंना होतं. पोराने मागितलं आणि त्यांनी तांब्या दिला.

राज्य 1 मे 1960 ला झालं. त्याआधी मुंबईच्या रस्त्यावर ज्यांनी गोळ्या खाल्ल्या, त्यांत गिरणीतली माणसं होती. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. आम्हांलाही आनंद आहे. पण अभिजात भाषेची पहिली इयत्ता दुसरीच्या बाईंच्या गळ्यात बांधलेली असते, आणि मराठी शाळांचा पट वर्षावर्षाला उतरत जातो. पट उतरला म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून शिकवणं कमी, शिकवणं कमी म्हणून पट आणखी उतरतो. गिरणी आजारी पाडून बंद करायची रीत आपण 1982 च्या संपानंतर डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या तोंडून ऐकली आहे. आधी देखभाल बंद, मग माल नाही, मग म्हणायचं तोट्यात आहे, मग जागा विकायची. शाळेच्या जागाही मोक्याच्या असतात, बंधूंनो.

तर आता काय करायचं? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद आईबाप असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बाया, असं कायदा म्हणतो. बैठकीचं रजिस्टर असतं. बहुतेक ठिकाणी ते घरोघर सहीला फिरतं, बैठक होतच नाही. आपल्या खात्यातल्या ज्यांची पोरं पहिली-दुसरीत आहेत त्यांची यादी युनियनच्या कचेरीत करायची. पाळी बदलून एकाने तरी बैठकीला जायचं, आणि सहीआधी रजिस्टर वाचायचं. तीन गोष्टी लिहून मागायच्या. गेल्या महिन्यात शिकवण्याचे दिवस किती भरले, बाई किती दिवस दुसऱ्या कामावर होत्या, आणि एका शिक्षकाकडे किती इयत्ता आहेत. उत्तर तोंडी घ्यायचं नाही. अर्जाच्या दोन प्रती करायच्या, एकीवर तारखेसह पोच घ्यायची.

रविवारची सुट्टी आपल्याला कुणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 पासून मागणी लावून धरली, तेव्हा कुठे 10 जून 1890 ला मालकांनी ती मानली. त्या रविवारात अर्धा तास काढा. पोराला जवळ घ्या आणि त्याची पाटी त्याच्याकडूनच वाचून घ्या. बायकोला वाचता येत असेल तर तिने ऐकावं, नसेल येत तर तिनेही पोरापाशी बसावं. अर्जाचा नमुना गेटवर आमच्या टेबलावर ठेवलेला आहे. ज्यांना लिहायला अडचण असेल त्यांनी दुसरी पाळी सुटल्यावर यावं, आम्ही बसून लिहून देऊ.